हद्दाचं बोट

सफ्रूच्या जुन्या भागात, पुलापलीकडच्या गल्लीत, तामोच्या घराचं दार दिवसभर उघडं असे आणि उंबऱ्यावर तामो बटणं करत बसलेली असे. जेलाब्याची, म्हणजे आमच्या पायघोळ झग्याची बटणं. रेशमी धाग्याची, हरभऱ्याएवढी, आतून पोकळ. हत्यार म्हणजे सुई आणि धागा, बस. कागदाच्या चिमुकल्या वेटोळ्याभोवती फेऱ्या घालायच्या, प्रत्येक फेरीला गाठी बसवत वर चढायचं आणि शेवटी तोंड बंद करायचं. शेजारच्या उंबऱ्यावर तिची थोरली बहीण हद्दा बसे. दोघींच्या मध्ये पुदिन्याच्या चहाची किटली आणि साऱ्या गावाच्या उखाळ्यापाखाळ्या.

हात हद्दाचाच. तिच्या बटणाला शिवण कुठे संपली ते भिंग लावूनही सापडत नसे. नवऱ्या मुलीच्या कफ्तानाला हद्दाचीच बटणं हवीत म्हणून फेसहून माणसं येत. आणि गंमत अशी की हा हात धड नव्हता. तरुणपणी सुईचं टोक उजव्या हाताच्या अंगठीच्या बोटात, सांध्यातच मोडून राहिलं. बोट पिकलं, महिनोन्‌महिने ठणकलं आणि बरं झालं ते ताठच. मग हद्दाने हाताला नव्याने वळण लावलं. धाग्याला ओढ द्यायची ती मधल्या बोटाने. अंगठीचं बोट वाटेतून बाजूला, सरळ उभं. लग्न तिचं झालं नव्हतं. कुणी बोटाकडे टक लावून बघितलं की ती म्हणे, "अंगठीवाला आल्याशिवाय वाकणार नाही म्हणतंय. बसू दे हट्ट धरून."

तिची आणखी एक सवय होती. बटणाचं तोंड बंद करायच्या आधी सुईच्या मागच्या टोकाने त्यावर हलकेच तीन टिचक्या मारायच्या. लहानपणी तामोने एकदा विचारलं होतं, का म्हणून.

"पोकळ वस्तू आहे बाई. आत कुणी येऊन बसलं असेल तर त्याला उठवायला नको? नाहीतर त्याला आत घेऊनच शिवशील."

हे सांगताना हद्दा हसली होती. पण टिचक्या मारायला ती कधी विसरली नाही.

तामोचं काम स्वच्छ होतं, पण संथ. हद्दाची दोन बटणं होईपर्यंत हिचं एक. हद्दा तिला चिडवायची, "तुझा एक कान दाराला शिवलाय का गं? सुई चालते, थांबते, चालते, थांबते. लंगडं गाढव बरं."

"माझं दार, माझा कान. तुझं काय जातं?"

"माझं काही नाही जात. नवरी म्हातारी होईल बटणांची वाट बघून."

त्या थांबण्याला कारण होतं. तामोची मुलगी नुहैला चार वर्षांची असताना एका दुपारी उघड्या दारातून बाहेर पडली. डोंगरावरचं बर्फ वितळून नदी भरून आली होती. तामो फेरी घालत होती. मान वर केली तर पोर नाही. सापडली ती नदीच्या कठड्यावर, पाय पाण्याकडे सोडून बसलेली. ओच्यात आईची तयार बटणं होती आणि ती एकेक करून पाण्यात टाकत होती. काही झालं नाही. अल्लालने, म्हणजे तिच्या बापाने, तिला उचलून घरी आणलं, संध्याकाळी सगळे जेवले. त्या दिवसाबद्दल तामो पुन्हा कधी बोलली नाही. दार मात्र बंद ठेवून तिला बसवत नसे. बंद दारामागचं ऐकू येत नाही म्हणायची.

पुढे फेसच्या रस्त्यावर, चेरीच्या बागा होत्या तिथे, परदेशी कंपनीचा कारखाना उभा राहिला. विमानाच्या पोटात तारा असतात, मनगटाएवढे जाड जुडगे. ते मेणाच्या दोऱ्याने ठरावीक अंतरावर बांधावे लागतात आणि ते काम माणसाच्या हातांनीच नीट होतं. कंपनी आमच्या गावापाशी आली ती बोटांसाठी. पांढरी गाडी जुन्या गावाच्या वेशीपाशी थांबवून कंपनीची माणसं गल्ल्यांतून पायी फिरली, उंबऱ्या-उंबऱ्यावर उभी राहून बायकांचे हात बघत राहिली आणि हद्दापाशी येऊन थांबली.

"विमान बांधायला मला नेताहेत," हद्दाने समोरच्या यामनाला सांगितलं.

यामना भाजी निवडत होती. "तुझ्या बटणांनी बांधणार? मग मी हजला गाढवावरूनच जाईन."

हद्दा बरेच दिवस तिकडे जात होती. एका पांढऱ्या खोलीत तिला बसवत, हातात काळे पातळ मोजे घालत, मोज्यांवर पांढरे ठिपके, आणि चहूबाजूंनी यंत्रं तिच्या हातांकडे बघत राहत. गाठ घाल, सोड, पुन्हा घाल. बोलायचं काही नाही. काम संपलं तेव्हा कंपनीने एक उबदार घोंगडी दिली, हार घालून फोटो काढला. "माझे हात घेतले त्यांनी," ती परत आल्यावर म्हणाली, आणि दोन्ही पंजे उलटसुलट करून बघितले. "पण परतही दिले. चांगली माणसं आहेत."

त्या हिवाळ्यात छाती भरून हद्दा गेली. सकाळच्या उन्हात, उंबऱ्यावरच. मांडीवर अर्धं झालेलं बटण होतं, सुई धाग्याला लोंबत होती.

आमच्याकडे असं आहे की बाई अर्ध्या बटणावरून उठली, तर घरातल्या दुसऱ्या बाईने ते चाळिसाव्या दिवसाच्या आत पुरं करायचं. तोंड उघडं ठेवायचं नाही. तामोने ते बटण हातात घेतलं आणि तिला तो धागा हद्दाच्या बोटांनी अजून ताणलेला वाटला. तिने ते चहाच्या रिकाम्या डब्यात ठेवलं. उद्या करीन म्हणाली. चाळिसावा झाला, कुसकूसची परात गल्लीभर फिरली, डबा फळीवरच राहिला.

नुहैलाला तामोने सुई कधी धरू दिली नव्हती. "डोळे जातात, पाठ जाते, आणि हाती काय येतं? तू शिक." नुहैला शिकली, परीक्षा पास झाली, आणि दोन वर्षं घरात बसून खिडकीतून बघत राहिली. मग तीही कारखान्यात लागली. गल्लीतल्या निम्म्या मुली लागल्या होत्या. सकाळी कोपऱ्यावर बस येई, निळे कोट घातलेल्या मुली हसत-खिदळत चढत. विम्याचं कार्ड मिळालं. अल्लालचा दात कंपनीच्या कार्डावर निघाला, तेव्हा तो तोंडात कापूस धरून म्हणाला, "विमानांचं भलं होवो."

तामोलाही बरं वाटत होतं. उंबरे ओस पडत चालले होते एवढंच. व्यापारी आता दूर देशातून आलेली तयार बटणं पाकिटातून विकत होता. हातात घेतली की ती सगळी सारखी असत आणि हलवली की आत काहीतरी वाजे.

"शिकवतं कोण तुम्हाला?" तिने एकदा विचारलं.

"कुणी नाही. हात असतात."

"म्हणजे?"

"प्रत्येकीच्या कामाच्या पाटासमोर पडदा असतो, येम्मा. त्यावर दोन हात. मनगटापर्यंतच. काढलेले असतात, चित्रासारखे, गुळगुळीत. ते करतात तसं करायचं. आपला हात त्यांच्यापासून जरा सरकला की तांबडा दिवा लागतो. बरोबर त्यांच्यासारखा झाला की हिरवा." नुहैलाने अभिमानाने आईकडे बघितलं. "माझा बहुतेक हिरवाच असतो."

पहिल्यांदा लक्षात आलं ते एका रविवारी, जेवताना. ताजीनच्या मातीच्या भांड्याभोवती तिघं बसले होते. पाव मोडून अंगठा आणि दोन बोटांनी रस्सा टिपायचा, उरलेली दोन बोटं तळहातात मिटलेली, असं आमच्याकडे सगळेच खातात. नुहैलाची करंगळी मिटलेली होती. अंगठीचं बोट सरळ उभं होतं.

तामोचा घास हातात राहिला. "बोट असं का धरलंयस?"

"कसं?" नुहैलाने हाताकडे बघितलं. तिने बोट मिटलं. मिटायला त्याला जरा वेळ लागला, गंजलेल्या कडीला लागतो तसा.

"हे बघ, तुझी मावशी, खाल्ती हद्दा, आली जेवायला," अल्लाल म्हणाला आणि स्वतःच हसला. बाकी कुणी हसलं नाही.

मग तामो लक्ष ठेवू लागली आणि लक्ष ठेवलं की दिसतच जातं. नुहैला ताजीनवर झाकण ठेवण्याआधी त्यावर नखाने तीन टिचक्या मारायची. पिशवीची चेन ओढण्याआधी तीन टिचक्या. एकदा भर सकाळी ती बाहेरून आली, मागे वळली, उघड्या दारावर तीनदा टकटक केलं आणि मग दार लावलं.

"कुणाला उठवतेस?" तामोने विचारलं.

"कुणाला म्हणजे?"

"टकटक केलंस ना आत्ता."

"मी? छे." नुहैला खरंच बुचकळ्यात पडली होती. "येम्मा, तू झोपत नाहीस का हल्ली?"

त्याच आठवड्यात तामो भट्टीवर पाव भाजायला गेली होती. डोक्यावर फळी, फळीवर गरम पाव, अशी ती पुलावरून गल्लीत वळली आणि थांबली. हद्दाच्या उंबऱ्यावर, हद्दाच्या उन्हात कुणीतरी बसलं होतं. पाठीला तोच बाक. डोकं तसंच डाव्या खांद्याकडे कललेलं. उजवा हात वर जात होता, खाली येत होता, आणि त्या हाताचं एक बोट उभं होतं.

नुहैला होती. शेजारी चहाचा डबा उघडा पडला होता.

तामोने फळी भिंतीकडेला खाली ठेवली. तिच्या डोळ्यांदेखत मुलीने शेवटची फेरी घातली, सुई उलटी धरली, तीन टिचक्या मारल्या आणि तोंड बंद करून धागा दाताने तोडला.

"सापडलं मला डब्यात," ती म्हणाली. "अर्धंच होतं. म्हटलं, करून टाकू."

"तुला कुणी शिकवलं?"

"त्यात शिकायचं काय? आमचीच गाठ आहे. फक्त बारीक." तिने बटण आईच्या तळहातावर ठेवलं. तामोने ते फिरवून बघितलं. मृत बाईचा अर्धा भाग कुठे संपला आणि जिवंत मुलीचा कुठे सुरू झाला, ते तिला, बटणांत जन्म गेलेल्या बाईला, सापडेना.

तिने बाधेवर उतारा म्हणून हरमलचं बी जाळलं, लोबान जाळला. घर धुराने भरलं, नुहैला खोकून बेजार झाली.

"धुराने काय होणार?" यामना दारात उभी राहून म्हणाली. "हद्दा ती. जिवंतपणी बापाचं ऐकलं नाही, आता तुझ्या धुराचं ऐकेल?"

"तू माझी मैत्रीण आहेस की तिची?"

"दोघींची. म्हणून सांगते. चाळिसाव्याच्या आत करायचं ते केलं नाहीस. ती आपलं काम पुरं करायला आली. झालं आता पुरं. जाऊन दे तिला ते."

तामो भर दुपारी कब्रस्तानात गेली. हद्दाच्या उशाशी माती उकरून तिने बटण पुरलं आणि बोलली, जिवंत माणसाशी बोलावं तसं. "तुझं तुला दिलं. आता माझं मला दे." वारा नव्हता. जवळच कुठेतरी सुतारपक्षी झाडावर चोच मारत होता. टक टक टक, मग गप्प. तामो मागे न बघता घरी आली.

दुसऱ्या सकाळी नुहैलाला कोटाची बटणं लावता येईनात. बोट मिटतच नव्हतं. तिने डाव्या हाताने ते दाबून मिटायचा प्रयत्न केला आणि ओरडली.

अल्लालने दोघींना आपल्या टॅक्सीतून फेसला नेलं. डॉक्टरने फोटो काढला. हाड ठीक, सांधा ठीक. बराच काळ एकाच ठेवणीत ठेवल्याने आखडलंय, म्हणाला. वापर बदला, नाहीतर असंच राहील.

"वापर कसा बदलू?" नुहैला टॅक्सीत रडत म्हणाली. "बदलला की तांबडा लागतो. आणि येम्मा, खरं सांगू? आता मला दुसऱ्या तऱ्हेने करताच येत नाही. हात माझं ऐकत नाही. तो आधीच जाऊन पोचलेला असतो."

तामोने मुलीचा हात आपल्या हातात घेतला. तो गार होता. ओळखीचा होता, आणि मुलीचा म्हणून नव्हे. टॅक्सी घाट चढून गावात शिरेपर्यंत तिने तो सोडला नाही. कामावर जाऊ नकोस, एवढंच ती म्हणत राहिली. नुहैला ऐकेना. एवढ्यातेवढ्यावर नोकरी सोडून पुन्हा खिडकीत बसायचं का, म्हणाली.

वसंतात कारखान्यात घरच्यांसाठी दिवस होता. तामो नवा जेलाबा घालून बसमध्ये बसली. कंपनीच्या फाटकाशी मिठाई दिली, खजूर दिले. मग मुलींच्या कामावर देखरेख करणारी लुब्ना नावाची बाई सगळ्यांना आत घेऊन गेली. ती आमच्याच गावची, फेसला शिकलेली, बोलायला गोड.

दालन केवढं मोठं होतं. निळ्या कोटांच्या रांगांमागे रांगा, प्रत्येकीपुढे पाटावर तारांचा जुडगा, समोर पडदा, पडद्यावर दोन गुळगुळीत हात. कुणी बोलत नव्हतं. तामो मुलीला शोधत होती आणि शोधताना तिची नजर एका हातावर पडली. मग शेजारच्या. मग त्यापलीकडच्या.

सगळ्यांची बोटं उभी होती.

मागच्या रांगेतली ती किडकिडीत मुलगी, पलीकडची चष्मेवाली, यामनाची भाची, ज्यांनी हद्दाला जन्मात बघितलं नव्हतं त्या डोंगरातल्या पोरी, सगळ्यांची पाठ तशीच वाकलेली, डोकं तसंच कललेलं, अंगठीचं बोट ताठ. आणि मग एकदम, पावसाने पत्र्यावर वाजावं तसं, सगळ्या पाटांवरून आलं: टक टक टक.

तामो खांबाला धरून उभी राहिली. इतके दिवस तिला वाटत होतं की हद्दा तिच्या मुलीच्या अंगात आली. तसं नव्हतं. हद्दा नोकरीला लागली होती.

"बरं वाटत नाही का, लल्ला?" थोरल्या बाईला आदराने हाक मारावी तसं म्हणत लुब्नाने तिला खुर्ची दिली.

"हे हात माझ्या बहिणीचे आहेत."

"हो, हद्दाबाईंचे. आम्हाला फार अभिमान आहे. सहा ठिकाणच्या बायकांचे हात घेतले होते, यांच्यासारखे कुणाचेच नाहीत."

"ते बोट मोडकं होतं तिचं."

लुब्नाचं हसू जागच्या जागी राहिलं.

"सुई मोडली होती आत. वाकत नव्हतं म्हणून बाजूला धरायची. ती काही रीत नाही. आणि ती टकटक..." तामो थांबली. टकटक कशासाठी होती ते या उजेडाच्या दालनात सांगायला तिची जीभ उचलेना. "तीही रीत नाही. सवय होती तिची."

लुब्ना शेजारी बसली. मग हळू आवाजात म्हणाली, "मुली बोटाची तक्रार करतात. मी वरती कळवलं होतं. तिकडून उत्तर आलं की मोजून बघितलंय, याच ठेवणीत गाठ सगळ्यांत घट्ट बसते. आणि टिचक्यांनी दोरा बसतो म्हणे. हद्दाबाईंनी आम्हाला कधी सांगितलंच नाही."

"ती कशाला सांगेल? जन्मभर हसण्यावारी नेलं तिने."

"नुसतं बोट पुसून काढता येत नाही, लल्ला. हात जसा येतो तसाच उतरतो. नवा हात हवा." तिने तामोच्या मांडीवरच्या हातांकडे बघितलं. "तुम्हीही बटणं करता ना?"

तामोनेही आपल्या हातांकडे बघितलं. दहाही बोटं वाकत होती. ती कधी टिचक्या मारत नसे, कधी काही पुटपुटत नसे. तिला हद्दासारखी एकही खोड नव्हती, असं तिला अगदी मनापासून वाटलं.

"मी बसले तर माझ्या मुलीचं बोट सुटेल?"

"नवा हात लागला की सगळ्यांचं सुटेल."

"मग घ्या," तामो म्हणाली.

पांढऱ्या खोलीला खिडकी नव्हती. दार तिच्या पाठीमागे होतं, जाड, भिंतीच्याच रंगाचं; लागलं की भिंत होऊन जाई. काळे मोजे हाताला गार लागले. बाहेरचं काही म्हणता काही ऐकू येत नव्हतं. बस आली का, नुहैला सुटली का, घरी पोचली का, कळायला मार्ग नाही. फेरी घालायची, गाठ बसवायची, पुढची फेरी. काचेमागचा माणूस अंगठा वर करून छान म्हणे. तामो मान खाली घालून काम करत राहिली. इतकं मन लावून तिने आयुष्यात काम केलं नव्हतं. एकदाच लुब्ना आत आली आणि म्हणाली, "दमलात का? मध्ये मध्ये थांबताय."

"कुठे? मी तर थांबलेच नाही."

नवा हात लागला. नुहैलाला आधी तांबडा दिवा फार लागला, ती चिडून घरी येई, भांडी आदळी. मग तांबडा कमी झाला. उन्हाळा सरता सरता एका रविवारी ती पाव मोडत होती आणि तामोने बघितलं: दोन्ही बोटं तळहातात मिटलेली. झाकण ठेवताना टिचक्या नाहीत. तामो उठून आत गेली आणि तोंडाशी ओढणी धरून रडली. यामनाला तिने मसेमेन, घडीच्या पोळ्या, करून खाऊ घातल्या. "गेली," ती म्हणाली. "सुटली हद्दा."

"काम सुटलं म्हण तिचं," यामना म्हणाली. "बिचारी. पेन्शन पण नाही."

पुढच्या वसंतात घरच्यांचा दिवस आला तेव्हा तामो हौसेने गेली. लुब्नाने तिला मिठी मारली, मुलींना सांगितलं, या बघा, याच त्या. मुली हसल्या, एकीने तिच्या हाताचं चुंबन घेतलं. मग सगळ्या आपापल्या पाटापाशी बसल्या आणि काम सुरू झालं.

तामो दाराशी उभी होती. बोटं वाकत होती, कुठे टकटक नव्हती, मेणाचे दोरे सरसर फिरत होते. तिने सुटकेचा श्वास सोडला.

आणि सगळे हात थांबले.

एक श्वासभर. दोरा अर्ध्यावर, बोटं हवेत. पडद्यावरचे हात थांबले की बघायला काही उरत नाही, म्हणूनच की काय, सगळ्यांची डोकी किंचित वळली, एक कान वर झाला. दालनात एवढी शांतता पडली की दिव्यांची घरघर ऐकू आली. सगळ्या मुली दाराकडे कान देऊन होत्या. मग हात चालू लागले. आणि फेरी संपली तशी पुन्हा तीच शांतता, पुन्हा तेच कान. त्या वाट बघत होत्या. कशाची, ते त्यांना ठाऊक नव्हतं. तामोला ठाऊक होतं. तिला नदीचा आवाज आला, बर्फाच्या पाण्याने फुगलेल्या नदीचा, आणि पाण्यात काहीतरी हलकं पडत असल्याचा, एकेक करून.

"हे थांबणं फार उपयोगी ठरलं बरं का," लुब्ना कुजबुजली. "चुका निम्म्यावर आल्यात. तिकडच्या दोन देशांतल्या कारखान्यांतही तुमचाच हात पाठवलाय. हजारो मुली आहेत, लल्ला."

तामोने काहीतरी उत्तर दिलं. रांगेत मधोमध नुहैला होती. तिचे हात थांबले, तिने मान वळवली आणि आईकडेच बघितलं. पण ती आईला बघत नव्हती. आईच्या मागच्या दाराचं ऐकत होती.

त्या रविवारी तिघं जेवायला बसले. अल्लाल गिऱ्हाइकाची काहीतरी गोष्ट सांगत होता. नुहैलाने पाव मोडला, रस्सा टिपला, आणि तोंडाशी नेता नेता तिचा हात थांबला.

"काय ऐकतेस?" तामोने विचारलं.

"काही नाही." नुहैला कान देऊन होती. तिच्या चेहऱ्यावर ती काळजी होती जी तामोने आरशातसुद्धा कधी बघितली नव्हती, कारण तसा चेहरा असताना तिने आरशाकडे कधी बघितलंच नव्हतं. "येम्मा, कुणी यायचं राहिलंय का?"

अल्लाल समोर होता. मुलगी समोर होती. दार उघडं होतं आणि गल्लीत ऊन पडलं होतं.

"नाही," तामो म्हणाली. "सगळे घरात आहेत. जेव तू."

नुहैलाने मान हलवली आणि घास खाल्ला. दुसरा घास घेतला. आणि मग दोघींचे हात एकदमच थांबले.